कारणाचा रकाना

“आवटे, पेन लिहायला दिलंय, चावायला न्हाई,” धोत्रे सर म्हणाले.

मी पेन तोंडातून काढलं. त्र्याण्णव सालचा एकतीस डिसेंबर, दुपारचे दोन वाजले होते. उस्मानाबादच्या आमच्या जिजाई क्रीडा मंडळाची खोली पत्र्याची. आत चुन्याचं पोतं, दोरांची वेटोळी, फाटक्या चटया आणि या सगळ्यांत कसंबसं बसवलेलं एक टेबल. त्या टेबलावर सालाची वही उघडी पडली होती आणि दीड तासात माझं जेमतेम सव्वा पान झालं होतं. बसून राहणं मला जन्मात कधी जमलं नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आणि तोंडात तीळ भिजत नाही, ही कुणाच्या घरात नांदणार कशी. खो-खोत येऊन पडले तेही त्यामुळंच. पण खो-खोतही आठ जणी बसतात आणि एकच पळते, हे कळेपर्यंत मी संघाची कर्णधार झाले होते.

सालाची वही ही मंडळाची जुनी रीत. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी मैदानावर आपसांत एक सामना व्हायचा आणि त्याआधी कर्णधारानं सगळ्यांसमोर उभं राहून ते वर्ष वाचायचं. मथळे तीन. गेले, घडले, खेळले. पानाला दोन रकाने. डावीकडे काय झालं ते, उजवीकडे त्याचं कारण. कारण लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही, हा धोत्रे सरांचा नियम होता. सर शाळेत कवायत शिकवायचे, शिट्टी गळ्यात घालूनच जेवायचे, आणि त्यांचं म्हणणं असं की हरलो एवढं तर रडणारा पण लिहितो. का हरलो हे लिहिणारा पुढच्या साली जिंकतो.

त्यामुळं वही वाचताना हसूही यायचं. ब्याण्णवच्या पानावर मीच बसले होते. ‘जिल्हा स्पर्धा, अंतिम सामना, हरलो. कारण, आवटे खांब न गाठताच मागं वळली.’ ही ओळ सगळ्या मुली चाल लावून म्हणायच्या.

त्या वर्षीचं पान भरायला खरं तर काही अडचण नव्हती. ‘घडले’मध्ये जानेवारीतल्या मुंबईच्या दंगली होत्या, मार्चमधले बाँबस्फोट होते. त्यांच्यापुढं काय कारण लिहावं म्हणून मी सरांना विचारलं होतं. सर बराच वेळ शिट्टीच्या दोरीशी खेळत बसले आणि म्हणाले, “माणसं, असं लिही.” ‘खेळले’मध्ये क्रिकेट आलं. इंग्लंडला तिन्ही कसोटींत हरवलं, कारण फिरकी. नोव्हेंबरात कलकत्त्याला दिव्यांच्या उजेडात चषक जिंकला, कारण परत फिरकी. आमच्या संघानं त्या साली एकही स्पर्धा जिंकली नव्हती. ‘गेले’मध्ये पहिलं नाव मैदानावर चुना मारणाऱ्या बाबूमामांचं. कारण, दमा, आणि सांगूनही विडी सोडली नाही.

त्याखाली मी लिहिलं होतं, ‘मंगल बिराजदार, वय सोळा.’ उजवा रकाना कोरा होता.

सरांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

“भूकंप लिवायला दीड तास लागतोय व्हय?”

“लिहिते सर.”

“लवकर लिही. सत्यशीला यायलीय चारच्या गाडीनं. तिच्या बहिणीचं तिच्यासमोर वाचायचंय.” सर दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच थांबले. “तिच्या काकाचा निरोप आलाय. उद्या सकाळी तिला न्यायला येणार हायत. फेब्रुवारीत लगीन धरलंय म्हणं. तवा ही शेवटचीच खेप समज.”

सर गेले आणि मी पुन्हा पेन तोंडात घातलं.

भूकंप हे साऱ्या जिल्ह्याचं कारण होतं. मंगलचं कारण निराळं होतं. ते मला ठाऊक होतं आणि ते फक्त मलाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. पाच वाजता मंगलच्या सख्ख्या बहिणीसमोर उभं राहून मला एक तर खोटं वाचायचं होतं, नाहीतर खरं. खोटं वाचलं तर उद्या ती काकांबरोबर कायमची जाणार आणि ते खोटं माझ्या गळ्यात जन्मभर राहणार. खरं वाचलं तर ती माझं तोंड पुन्हा पाहणार नव्हती. तिसरी वाट शोधत मी तीन महिने काढले होते.

मी वही मिटली आणि मैदानावर गेले. खो-खोची मधली पाटी आखायचं काम त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडं होतं, तरी मी चुन्याचं घमेलं हिसकावून घेतलं. एक रेघ दोनदा मारली. मग खांबाला तेल लावलं. मग आपण हे का करतोय, असं वाटून ते पुसून काढलं. मैदानाच्या कडेला चिंचेचं झाड होतं. बारक्या पोरी खाली बसून चिंचोके वेचत होत्या. मी त्यांना उगाच ओरडून हाकलून दिलं.

चिंचोक्यांचं सांगायलाच हवं.

सत्यशीला आणि मंगल या बिराजदार बहिणी किल्लारीच्या अंगाच्या बोरसांगवी गावच्या. शिकायला म्हणून उस्मानाबादला माझ्याच वसतिगृहात राहायच्या. सत्यशीला माझ्याच वयाची, अठरा पुरी झालेली. बोलायची कमी. बसलेल्या जागेवरून उठून पळायला लागली की समोरच्या पोरींना कळेपर्यंत गडी बाद झालेला असायचा. तसा पाठलाग मी नंतर तीस वर्षांत पाहिला नाही, आणि मी पुष्कळ पोरी पाहिल्या. मंगल तिच्या उलट. बडबडी, हसरी, सदा काहीतरी चघळत असणारी. खेळात ठीकठाक. पळताना ओढणी सुटली तर आधी ओढणी सावरणार आणि मग जीव वाचवणार, अशातली.

दोन ऑक्टोबरला विभागाची निवड चाचणी होती. सत्यशीलाची निवड नक्की, असं सगळे धरून चालले होते, आणि ती खेळली तर तिच्याबरोबर आमच्यातल्या आणखी दोघी-तिघींचं नाव निघालं असतं. त्या दोघी-तिघींत मी होते. अठ्ठावीस सप्टेंबरला बहिणींच्या आईचं पत्र आलं. उद्या गणपती बोळवायचा आहे, दोघींनी या. सरांनी पत्र वाचून परत दिलं. म्हणाले, “चाचणी चार दिवसांवर आलीय. सुट्टी एकीलाच मिळंल. कोण जाणार ते तुमचं तुम्ही ठरवा.” आणि कर्णधार म्हणून ते ठरवण्याचं काम माझ्यावर आलं.

आमच्यात असल्या गोष्टी चिंचोक्यावर ठरायच्या. एका मुठीत चिंचोका, दुसरी मूठ रिकामी. जिला चिंचोका लागेल तिचं. नाणेफेकीला सर होते, चिंचोक्याला आम्ही होतो, आणि चिंचोक्यावर कुणी कधी वाद घातल्याचं मला आठवत नाही. वाद न घालण्याचाच तो खेळ होता.

चिंचेखाली मी दोघींसमोर मुठी धरल्या. मोठी म्हणून सत्यशीलानं आधी हात लावायचा. तिनं माझ्या उजव्या मुठीला बोट लावलं. मी मूठ उघडली. रिकामी. मी मंगलकडं बोट केलं. मंगलनं दुसरी मूठ उघडायचीसुद्धा वाट पाहिली नाही. उडी मारून वसतिगृहाकडं पळाली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली.

दुसरी मूठही रिकामीच होती. चिंचोका माझ्या गालात होता.

त्यानंतरचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. एकोणतीसला गणपती बोळवून माणसं दमून झोपली आणि तीस तारखेच्या पहाटे जमीन हलली. आमच्या वसतिगृहातल्या लोखंडी पेट्या आपोआप सरकल्या आणि आम्ही सगळ्या अंगणात पळालो. सत्यशीला म्हणाली, “कुठं झालं आसंल गं हे?” सकाळी रेडिओवर गावांची नावं येऊ लागली. दुपारी ती चादरी नेणाऱ्या ट्रकमध्ये बसून गेली. तिच्याबरोबर कुणीतरी जायला हवं होतं, आणि ते कुणीतरी मी असायला हवी होते. मी ताप आल्याचं सांगितलं. मला ताप नव्हता.

आई, वडील आणि मंगल. बोरसांगवीतल्या त्या दगडी घरातून तिघंही मेलेलेच निघाले. सत्यशीला निलंग्याला काकांच्या घरी गेली ती तीन महिने परत आली नाही. चाचणी रद्द झाली. पुढं ती नोव्हेंबरात झाली तेव्हा मी खेळले आणि माझी निवड झाली नाही. कारण, मी दोन वेळा जागेवरून उठलेच नाही.

चार वाजता मी बसस्टँडवर होते. सव्वातीनपासूनच होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीसमोर जाऊन पाटी वाचत होते, सोलापूरच्या गाडीचीसुद्धा. लातूरची गाडी आली आणि सत्यशीला मागच्या दारानं उतरली. अंगावर कुणाचा तरी सैल पंजाबी ड्रेस, हातात कापडी पिशवी. ती बारीक झाली होती. मला वाटलं होतं मी तिला मिठी मारेन. मी तिची पिशवी घेतली.

“गाडीला गर्दी होती का?” मी विचारलं.

“व्हती की.”

“काकू कशा आहेत?”

“बऱ्या हायत.”

मग मी बोलत सुटले. सरांचा गुडघा, वसतिगृहातली नवी स्वयंपाकीण, बाबूमामांच्या जागी आलेला माणूस रेघा कशा वाकड्या मारतो, जिल्ह्याचं शिबिर चौदा जानेवारीपासून आहे, कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं. लग्न हा शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. मैदानाच्या फाटकाशी येऊन सत्यशीला थांबली.

“वही कोण लिवतंय औंदा?”

“मी.”

“मंगलचं लिवलंस?”

“नाव लिहिलंय.”

“मला बघायचंय. वाचायच्या आधी.”

वाचायच्या आधी वही कुणाला दाखवायची नाही, अशी रीत होती. मी तिला सरळ खोलीत घेऊन गेले. बाहेर मुली जमायला लागल्या होत्या, कुणीतरी पायात घुंगरू बांधून नाचत होतं आणि सर तिच्यावर शिट्टी फुंकत होते. मी दार लोटून घेतलं.

सत्यशीला माझ्या खुर्चीवर बसली आणि पान वरून वाचू लागली. ओळीखाली बोट धरून, बारक्या पोरी वाचतात तसं. बाबूमामांच्या विडीशी ती किंचित हसली. मग बोट खालच्या ओळीवर आलं, मंगलच्या नावावरून सरकत रेघेच्या पलीकडं गेलं आणि कोऱ्या जागेवर थांबलं.

“हितं काय लिवणार हायस?”

मी खिडकीशी गेले. खिडकीतून चिंच दिसत होती, म्हणून परत टेबलाशी आले. मग दाराशी गेले.

“बस की जरा,” ती म्हणाली.

“सत्या, चिंचोका मुठीत नव्हताच.”

तिनं पानावरचं बोट उचललं.

“दोन्ही मुठी रिकाम्या होत्या. तू कुठलीही धरली असतीस तरी रिकामीच निघाली असती. तू चाचणीला राहावीस म्हणून मी लबाडी केली. तू खेळलीस की माझं नाव निघेल, म्हणून केली. चिंचोका माझ्या...”

“गालात व्हता,” सत्यशीला म्हणाली. “डाव्या.”

बाहेर मुलींचा गलका चालूच होता. मला नीट ऐकू आलंय का, असं वाटून मी तिच्याजवळ गेले.

“तुला माहीत होतं?”

“तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, कुमे. चिंचोका धरायचा म्हणलं की तू धा मिनटं बडबड करतीस. हे धर, ते धर, बघ हां, रडायचं न्हाई हां. अन्‌ त्या दिवशी तू एक शबुद बोलली न्हाईस. मंगलकडं नुसतं बोट केलंस. तुझा डावा गाल वर आला व्हता. मंगल येडी, तिला काय दिसतंय. मला दिसलं.”

“मग तू बोलली का नाहीस?” माझा आवाज चढला. मला राग आला होता, आणि कुणाचा ते मला समजत नव्हतं. “तेव्हाच का नाही बोललीस? माझ्या थोबाडीत मारायची होतीस.”

सत्यशीलानं वही थोडी पुढं सरकवली. मग पुन्हा जवळ ओढली.

“पत्रात अजून एक ओळ व्हती. मी सरांला दावायच्या आधी तेवढा कागद दुमडला व्हता. गणपती बोळवायला औशाचे पाव्हणे येणार व्हते. मला बघायला.” ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. “मी गेले आसते तर आईनं परत सोडलं नसतं. चाचणी न्हाई, खेळणं न्हाई. तू लबाडी करलालीस ते बघितलं अन्‌ मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. देवच पावला म्हणलं. मंगलला माझी हिरवी रिबीन दिली. म्हणलं जा, माझ्या वाटणीच्या पोळ्या बी तूच खा.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. त्या दिवसात पहिल्यांदाच मी आपणहून बसले असेन.

“तिला काढलं तवा रिबीन वेणीतच व्हती,” सत्यशीला म्हणाली. “काकीला वाटलं तिचीच हाय. मी सांगितलं न्हाई. कुणालाच काही सांगितलं न्हाई. तीन महिने लोकं येऊन म्हणतेत, पोरी, देवानं तुला राखलं. अन्‌ मी मान हलवते.”

ती रडली नाही. मी रडले. मला तेव्हा मंगलचं दुःख किती होतं आणि सुटल्याचं समाधान किती, हे आजही खात्रीनं सांगता येणार नाही. आपण एकट्या नाही, हे कळून मला बरं वाटलं होतं. तिला चिंचेखाली वाटलं होतं तसंच बरं, आणि तेवढंच वाईट.

दार ढकलून सर आत आले. शिट्टी तोंडातच होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, उघड्या वहीकडं पाहिलं. त्यांनी बाहेरून काही ऐकलं होतं की नाही, ते मला कधीच कळलं नाही. शिट्टी काढून ते म्हणाले, “पाच वाजले.” आणि दाराकडं वळून म्हणाले, “सुट्टी एकीलाच, असं मीच म्हणलो व्हतो.” मग ते बाहेर गेले. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

मी उठून पेन घेतलं. माझं नाव लिहायचं मी ठरवलं होतं. पूर्ण नाव, आडनावासकट, आणि पुढं लबाडी हा शब्द. सत्यशीलानं माझा हात धरला.

“तुझं नाव लिवलंस तर माझं लिवावं लागंल,” ती म्हणाली. “माझं लिवलंस तर सरांचं. मग त्या औशाच्या पाव्हण्यांचं. मग ज्यानं दगडामातीचं घर बांधलं त्या आज्ज्याचं. रकाना बघ की केवढासा हाय.”

तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं. भूकंप. तिचं अक्षर गोल होतं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं. लिहून झाल्यावर तिनं त्यावर फुंकर मारली.

“वाच आता,” म्हणाली. “अन्‌ रडत वाचू नको.”

मी वाचलं. पस्तीसेक मुली, सर, दोन-चार जुने खेळाडू आणि फाटकाशी उभा राहिलेला शेंगदाणेवाला, एवढ्यांसमोर मी त्र्याण्णव साल वाचलं. ‘माणसं’ या कारणाशी कुणीतरी खाकरलं. फिरकीला टाळ्या पडल्या. ‘मंगल बिराजदार, वय सोळा. कारण, भूकंप,’ हे मी स्वच्छ आवाजात वाचलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर सामना. मंडळातलं कुणी त्या वर्षी गेलं असेल तर पहिल्या पाळीत त्याचा चौकोन रिकामा ठेवायचा, ही पण रीतच. मंगल तिसऱ्या चौकोनात बसायची. पाटीवर आठ चौकोन, त्यात आमच्या सहा जणी बसल्या. सरांनी चौथ्या चौकोनाकडं पाहिलं. ती जागा सत्यशीलाची होती आणि तीन महिने तिथं वेगवेगळ्या मुली बसत होत्या. सत्यशीलानं कुणाला काही विचारलं नाही. ओढणी कमरेला करकचून बांधली, चपला पाटीबाहेर काढल्या आणि चौथ्या चौकोनात जाऊन बसली.

आमची पाळी पाठलागाची होती. पहिली पळणारी मी. शिट्टी झाली आणि मी सुटले.

समोर दुसऱ्या गटाची कमल होती, हुलकावण्या देण्यात पटाईत. ती खांबाशी वळली, मी खांब गाठला आणि वळले. या खेपेला नीट गाठला. ती पाटी ओलांडून पलीकडं गेली. पलीकडं जायचा मला हक्क नव्हता, खो द्यायला हवा होता, आणि पाय आपसूक तिसऱ्या चौकोनामागं थांबले. चार वर्षं ते तिथं थांबत आले होते. मी वाकले, हात पुढं केला आणि पोट फाटेस्तोवर ओरडले, “खो.”

हात हवेत गेला. चौकोनात कुणी नव्हतं. मी तशीच वाकलेली राहिले, हात पुढं. कमल पळायची थांबली. बसलेल्या मुली माना वळवून बघत होत्या आणि सरांची शिट्टी ओठांपाशी थबकली होती.

तेवढ्यात चौथ्या चौकोनातून सत्यशीला उठली. तिला कुणी खो दिला नव्हता. तिनं तो घेतला. ती पलीकडच्या अंगाला सुटली आणि कमलला काय होतंय ते कळायच्या आत तिची पाठ धरली. पाठीवर थाप बसल्याचा आवाज फाटकापर्यंत गेला.

सरांनी शिट्टी वाजवली. लांब वाजवली.

“फाऊल,” सर म्हणाले. “गडी बाद न्हाई. परत बसा.”

“व्हय सर,” सत्यशीला म्हणाली आणि धापा टाकत आपल्या चौकोनात जाऊन बसली. तिच्या दोन्ही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. नजर समोर, हात गुडघ्यांवर, पंजे जमिनीत रोवलेले. खो मिळायची वाट बघत बसली होती.

तो सामना आम्ही एका गड्यानं हरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी निलंग्याचे काका आले. सत्यशीला त्यांच्याशी चिंचेखाली अर्धा तास बोलली. मी लांबून बघत होते आणि फाटकापासून खांबापर्यंत फेऱ्या मारत होते. काकांनी आधी हात उडवले, मग डोक्याची टोपी काढून झटकली, मग ती परत डोक्यावर चढवली. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते एकटेच गाडीला गेले. तिनं त्यांना किती सांगितलं, ते मी विचारलं नाही.

सत्यशीला आता लातूरला असते. तिच्या हाताखाली तयार झालेल्या मुली पार राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊन येतात. धोत्रे सर काही वर्षांपूर्वी वारले आणि वही माझ्याकडं आली. डिसेंबर संपत आला की ती फोन करते. कशी हायस विचारत नाही. “भरत आलं का पान?” एवढंच विचारते. मी होय म्हणते, आणि फोन ठेवून फेऱ्या मारायला लागते. बसणं मला अजून जमलेलं नाही.

त्र्याण्णवचं पान मी दर वर्षी एकदा उघडते. ‘खेळले’मधली शेवटची ओळ त्या संध्याकाळी सामना संपल्यावर लिहायची राहिली होती. मी पेन घेऊन पुन्हा तशीच बसून राहिले, तेव्हा सत्यशीलानं ते ओढून घेतलं आणि उभ्या-उभ्याच लिहून टाकलं. त्या गोल अक्षरात ती ओळ अजून आहे. ‘शेवटचा सामना, हरलो. कारण, आवटेनं मंगलला खो दिला.’